कोबी, पिसू आणि बाकीची माया

समजा, रविवारच्या सकाळी चहाचा मग पुढे करत तुमचा बॉयफ्रेंड म्हणाला, ‘उठ ना गं, माझी पिसू!’ तर? बहुतेक जणी आधी उशी फेकून मारतील आणि मग घरातल्या कुत्र्याला शेवटची आंघोळ कधी घातली होती ते आठवतील. पण हेच पॅरिसमध्ये किंवा लियोंमध्ये कुणी म्हणालं, तर ती मुलगी हसेल, कूस बदलेल आणि आणखी पाच मिनिटं लोळेल. कारण ‘मा प्यूस’, म्हणजे शब्दशः ‘माझी पिसू’, ही फ्रेंच भाषेतली अगदी घरगुती, लाडाची हाक आहे. आई लेकीला मारते, नवरा बायकोला मारतो. (हाक, हाक!) आयटीवाल्यांसाठी जादा माहिती : इलेक्ट्रॉनिक चिपलाही फ्रेंचमध्ये हाच शब्द आहे. तुमच्या एटीएम कार्डावरचा तो सोनेरी चौकोनही प्यूसच. तेव्हा हिंजवडीकरांना पिसू अगदीच नको असेल, तर त्यांनी ‘माझी चिप’ असं समजून घ्यायला हरकत नाही.

पिसूच्या पाठोपाठ येतो कोबी. ‘मों शू’, माझा कोबी. आता कोबी म्हटलं की आपल्याला आठवतो डब्यातला, गार झालेला, वाटाणे घातलेला. पण फ्रान्समध्ये क्रीम भरलेल्या गोल, फुगीर पेस्ट्रीलाही ‘शू’ म्हणतात, तेव्हा तसा विचार केला तर जरा बरं वाटतं. शिवाय ‘बाळ कुठून येतं?’ या जगभरच्या प्रश्नाला तिकडचं पारंपरिक उत्तर असं, की मुलगे कोबीच्या गड्ड्यात सापडतात आणि मुली गुलाबात. या कोबीची पुढे अख्खी वंशावळ तयार झाली आहे. जो लाडका, तो ‘शूशू’. वर्गातला बाईंचा लाडका विद्यार्थीसुद्धा शूशूच. आणि लाड करणे याचं क्रियापद ‘शूशूते’. आमच्या पुण्यातल्या वीकेंडच्या फ्रेंच क्लासमध्ये हा शब्द आला, तेव्हा तीस-तीस वर्षांची, टाय लावणारी, टीम लीड वगैरे असलेली माणसं दहा मिनिटं हसत होती. मॅडमनी नाइलाजानं ब्रेक दिला.

यादी मोठी आहे. माझा ससा, माझं कोंबडीचं पिल्लू, माझी हरिणी, माझं बदक. लहान मुलांना तर ‘मा क्रोत’ही म्हणतात, म्हणजे ‘माझी लेंडी’. हे भाषांतर करून कुणाला ऐकवू नका. पण आपण तरी कुठे मागे आहोत? चिमणे, पिल्लू, कोकरू, माकडा, ढमे... माझ्या एका मावसभावाला घरात बारावीपर्यंत ‘ढेकूण’ म्हणत, आणि तो हाकेला ओ देत असे. लाडाला बहुधा लहान, मऊ किंवा वळवळणारं काहीतरी लागतंच.

खरी गंमत पुढे आहे, व्याकरणात. (पान उलटू नका!) फ्रेंचमध्ये ‘माझा’ हे ‘मों’ आणि ‘माझी’ हे ‘मा’. पण ते समोरच्या माणसावर नाही, शब्दाच्या लिंगावर ठरतं. कोबी पुल्लिंगी, त्यामुळे बायकोसुद्धा ‘माझा कोबी’. हृदय पुल्लिंगी, प्रेम पुल्लिंगी, खजिना पुल्लिंगी. म्हणजे फ्रेंच नवरा दिवसभर बायकोला पुल्लिंगातच लाडावत असतो. आपल्याकडे याचं उत्तर आणखी सुंदर आहे. मराठीत लाड करायचे झाले, की आपण माणसाला चक्क नपुसकलिंगात नेतो. ‘आलं का माझं सोनं?’, ‘दमलं गं ते!’ घोड्याएवढा मुलगा असला तरी आईसाठी ‘ते’. फ्रेंचकडे नपुसकलिंगच नाही, त्यामुळे त्यांची इथे पंचाईत आहे.

पण त्यांनी दुसरी सोय शोधली. फ्रेंच आई भुकेल्या बाळाला ‘तुला भूक लागली आहे का?’ असं विचारेलच असं नाही. ती त्याच्याच तोंडाकडे बघून म्हणेल, ‘त्याला भूक लागली होती, छोट्या कोबीला?’ बाळ समोर, भूक आत्ताची, पण वाक्य तृतीय पुरुषी आणि काळ भूतकाळ! कुत्र्यामांजरांशीही असंच बोलतात. फ्रेंच व्याकरणकारांनी या वापराला रीतसर नाव दिलं आहे, आपण त्याला लाडिक भूतकाळ म्हणू. इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्याला हे पटवायला शिक्षकाचा घाम निघतो. मराठी माणसाला काय पटवायचं? ‘भूक लागली होती का गं माझ्या छकुलीला?’ हे वाक्य आपण सगळे कधी ना कधी कुणाच्या तरी मांडीवर ऐकत मोठे झालो आहोत. बाळाला थेट ‘तू’ म्हटलं, की त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा येते. ‘तो’ किंवा ‘ती’ म्हटलं, की ते नुसतं ऐकत पडून राहू शकतं. ताप आलेल्या बॉयफ्रेंडलाही हेच लागू. सूप भरवताना ‘दुखत होतं का आमच्या राजाला?’ असं म्हणा आणि बघा काय होतं ते.

आता तुम्ही म्हणाल, ज्या भाषेकडे ‘ज तेम’ आहे, जगातला सगळ्यात फेमस आय लव्ह यू आहे, तिला या पिसवा आणि कोबी कशाला लागतात?

तर ‘ज तेम’चीच तर सगळी भानगड आहे. ती माझ्या एका मैत्रिणीकडून ऐका.

ही मैत्रीण पुण्यात एका आयटी कंपनीत आहे. फ्रेंच क्लायंटच्या प्रोजेक्टसाठी तिला सहा महिने लियोंला पाठवलं होतं. क्लायंटच्या टीममध्ये एक मुलगा होता. शांत, चष्मेवाला, कॉफी मशीनपाशी हिच्यासाठी न विचारता कमी साखर दाबणारा. तर एका शुक्रवारी संध्याकाळी, ट्रामच्या स्टॉपवर, तो हिला म्हणाला, ‘ज तेम ब्यां.’ हिचं फ्रेंच तेव्हा कंपनीनं दिलेल्या चाळीस तासांच्या कोर्सइतकं. ‘ज तेम’ कळलं. ‘ब्यां’ म्हणजे चांगलं, छान, नीट, हेही माहीत होतं. बेरीज केली : हा माझ्यावर छान प्रेम करतो! भारतात रात्रीचे साडेअकरा वाजले होते, तेव्हा तिचा मला फोन आला. मी अर्धवट झोपेत तिला सांगितलं, की बाई गं, ‘ब्यां’ लावल्यानं प्रेम वाढत नाही. कमी होतं.

हा फ्रेंचमधला सगळ्यात क्रूर नियम आहे. ‘ज तेम’ एकटं असलं तर प्रेम. त्याला ‘ब्यां’ लावलं, की ‘तू मला बरी वाटतेस, आपलं जमतं’. ‘बोकू’ लावलं, म्हणजे ‘खूप’, तरी ते मित्रमैत्रिणींच्या खात्यात जातं. जितके शब्द वाढवाल तितकं पाणी वाढतं. गंमत म्हणजे आपल्याला हे ओळखीचं असायला हवं. ‘तू खूप चांगला मुलगा आहेस’ हे वाक्य ऐकल्यावर मराठी मुलगा आनंदानं उड्या मारत नाही, गपचूप बिल मागवतो. आमचं ‘चांगला’ आणि त्यांचं ‘ब्यां’ एकाच शाळेतले.

त्यात आणखी घोळ असा की हेच क्रियापद चीजलाही चालतं. मला चीज आवडतं, मला पाऊस आवडतो, माझं तुझ्यावर प्रेम आहे, सगळीकडे ‘एमे’. म्हणजे मोठा शब्द एकच, तो वस्तूंसाठी अगदी स्वस्त आणि माणसासाठी इतका महाग, की तो थोडासा, निम्मा, पाऊण असा देताच येत नाही. मग मधल्या सगळ्या जागा भरायच्या कशानं? तिथे छोटे शब्द कामाला येतात. ‘ज त्यां आ त्वा’ हा त्यातला माझा सर्वात लाडका. शब्दशः ‘मी तुला धरून आहे’. अर्थ असा, की तू मला महत्त्वाची आहेस, तुला काही झालं तर मला फरक पडेल. हे प्रेयसीला म्हणता येतं, भावाला म्हणता येतं, भांडण झाल्यावर जिवलग मैत्रिणीला म्हणता येतं. कुणीही गुडघ्यावर बसत नाही, व्हायोलिन वाजत नाही. पण म्हणणाऱ्यानं काहीतरी पणाला लावलेलं असतं.

मैत्रिणीनं त्या रात्री ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. सहा महिने संपले, ती परत आली. आणि त्यानंतर तिच्या इनबॉक्समध्ये जे घडलं, त्यावर एखादा फ्रेंच शिक्षक पूर्ण सेमिस्टर घेऊ शकेल.

फ्रेंच लोक मेलच्या शेवटी काय लिहितात, हा एक थर्मामीटर आहे. ज्यांचे फ्रेंच क्लायंट आहेत त्यांनी हे नीट वाचा. सगळ्यात खाली ‘कोर्दियालमां’. या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या हृदयात आहे, पण आता तो फ्रीजमध्ये ठेवलेला आहे. बँकही तुम्हाला कोर्दियालमां लिहिते. त्यावर ‘ब्यां कोर्दियालमां’, किंचित कोमट. (हो, इथे तेच ‘ब्यां’ ऊब वाढवतं! फ्रेंच भाषेकडून सातत्याची अपेक्षा ठेवू नये.) मग ‘आमिकालमां’, म्हणजे मैत्रीनं. मग ‘बीझ’, म्हणजे गालाला गाल लावून हवेत घेतलेला तो सुप्रसिद्ध मुका. आणि त्याहून वर, ‘ज तांब्रास’. मी तुझा मुका घेतो. हे आईलाही लिहितात, जुन्या मित्रालाही लिहितात, पण क्लायंटच्या प्रोजेक्ट मॅनेजरला नाही.

आमची बाई पाच महिन्यांत कोर्दियालमांपासून बीझपर्यंत पोहोचली. एकही शब्द प्रेमाचा नाही. फक्त शेवटची ओळ बदलत होती.

जाता जाता बीझबद्दल. पॅरिसमध्ये साधारण दोन, इतर प्रांतांत एकपासून चारपर्यंत, आणि सुरुवात कुठल्या गालापासून यावरही फ्रेंच लोकांचंच आपसात एकमत नाही, त्यामुळे अधूनमधून नाकं आपटतात. 2020 मध्ये कोविडनं ही पद्धत एका फटक्यात बंद पाडली होती, नंतर ती परत आली. याउलट आपण ज्याला हग म्हणतो त्यासाठी फ्रेंचमध्ये सुटसुटीत रोजचा शब्दच नाही. ‘कालां’ आहे, पण तो लहान मुलांना कुशीत घेण्याचा. जोडप्यांमध्ये तो शब्द बेडरूमपर्यंतही जातो, तेव्हा ऑफिसच्या पार्टीत कुणाला कालां देऊ का असं विचारू नका. आणि ‘आंब्रासे’, ज्याचा अर्थ आज मुका घेणे, तो शब्द मुळात बाहूंवरून आलेला, म्हणजे मिठी मारणे. मिठीचा शब्द मुक्यानं पळवला. मग मुक्याचं जुनं क्रियापद ‘बेझे’, त्याचं काय झालं? नाम म्हणून तो अजूनही सज्जन आहे, पण क्रियापद म्हणून वापरलात तर थेट शिवी होते. जुन्या डिक्शनऱ्यांवर विसंबून राहू नका, एवढंच सांगते.

तर एक दिवस त्या मेलमध्ये एक वेगळं वाक्य आलं. ‘त्यू म मांक.’

इंग्रजी भाषांतर : आय मिस यू. आमच्या मैत्रिणीनं तेच केलं. आता हे आपण दिवसाला दहा वेळा लिहितो. ऑफिस सोडून गेलेल्या कलीगला, नोटीस पिरियडवरच्या बॉसला, बंद पडलेल्या कॅन्टीनच्या समोशाला. पण फ्रेंच वाक्याची ठेवण उलटी आहे. त्यात ‘मी’ कर्ता नाहीच. कर्ता ‘तू’. ‘तू मला कमी पडतेस’. जेवणात मीठ कमी पडावं, हिशेबात शंभर रुपये कमी पडावेत, तशी तू माझ्यात कमी पडते आहेस. हिनं घाईघाईत उत्तर लिहिलं, इंग्रजीच्या साच्यात : मी आधी, मग तुला, मग मिस. ‘ज त मांक.’ त्याचा अर्थ झाला, ‘मी तुला कमी पडते’. म्हणजे तुला माझी आठवण येते. त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं : ‘हो, तेच तर मी म्हणतोय.’

ती मला म्हणाली, काय ही उलटी भाषा! मी म्हटलं, उलटी फ्रेंच नाही गं, तू उलटी गेलीस. पुण्याहून फ्रान्सला व्हाया लंडन गेलीस. थेट जाऊन बघ. मराठीत तरी आपण कुठे ‘मी तुला मिस करतो’ म्हणत होतो? आपण म्हणतो ‘तुझी आठवण येते’. कर्ती आठवण. ती येते, आपण तिला आणत नाही. ‘मला तुझी उणीव भासते.’ ‘मला करमत नाही.’ तिन्ही वाक्यांत ‘मी’ बिचारा ‘मला’ होऊन कोपऱ्यात बसलाय. तसंच ‘त्यू म प्ले’. इंग्रजीत आय लाइक यू, पण फ्रेंचमध्ये कर्ता पुन्हा ‘तू’, आणि मी ‘मला’. ‘तू मला आवडतेस’. शब्दाला शब्द, विभक्तीला विभक्ती! इंग्रजीत सगळं मीच करतो : मी लव्ह करतो, मी लाइक करतो, मी मिस करतो. मराठीत आणि फ्रेंचमध्ये यातलं बरंचसं माझ्याबाबतीत घडतं, आणि घडवणारी तू असतेस. माझं स्पष्ट मत आहे, की नाजूक गोष्ट बोलायला हा साचा जास्त बरा. त्यात फुशारकी कमी.

आणखी एक गोष्ट जी आपल्याला फुकटात कळते आणि इंग्रजीवाल्यांना जन्मभर कळत नाही, ती म्हणजे ‘त्यू’ आणि ‘वू’. तू आणि तुम्ही. यासाठी फ्रेंचमध्ये खास क्रियापदं आहेत, ‘त्यूत्वाये’ आणि ‘वूव्वाये’. क्लासमधल्या मॅडमनी इंग्रजीत समजवायला सुरुवात केली, तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘अरे-तुरे करणे आणि अहो-जाहो करणे!’ विषय संपला. मोठ्यानं किंवा सीनियरनं आपणहून म्हणायचं, ‘आपण अरे-तुरे करूया का?’ आणि त्या एका प्रश्नानंतर दोन माणसांमधलं अंतर बदलतं. १७९३ च्या सुमारास क्रांतिकारकांनी सगळ्यांनी सगळ्यांना ‘त्यू’च म्हणावं असा आग्रह धरला होता, समतेसाठी. तो टिकला नाही. देवालासुद्धा फ्रेंच कॅथलिक लोक त्यांच्या मुख्य प्रार्थनेत ‘वू’ म्हणत, ते थेट 1966 मध्ये ‘त्यू’वर आले. इथे मात्र आपली कॉलर ताठ : विठोबाला आपण कधीच अहो-जाहो केलेलं नाही.

पण ‘तू’ म्हणजे जवळीक आणि ‘तुम्ही’ म्हणजे अंतर, असं सरळ गणित मांडलंत तर फसाल. 1995 ते 2007 राष्ट्राध्यक्ष असलेले जाक शिराक आणि त्यांची पत्नी बर्नादेत एकमेकांना ‘वू’ म्हणत. सिमोन द बोव्हुआर आणि सार्त्र, लग्न न करता आयुष्यभर एकमेकांशी बांधलेले, बंडखोरांचे आदर्श, तेही ‘वू’च. आपल्या आज्या आजोबांना ‘अहो’ म्हणत, पण आजोबा उलट ‘अगं’च म्हणत. तो वन-वे होता. शिराक यांच्या घरातला ‘वू’ टू-वे होता. जगभर सगळ्यांना ‘त्यू’ म्हणून झाल्यावर एकाच माणसासाठी राखून ठेवलेला ‘तुम्ही’, यात मला तरी प्रचंड रोमान्स दिसतो. (लग्न जमवताना कुणी ट्राय केलं तर कळवा.)

हे सगळं फ्रेंच लोकांनी फार पूर्वी, चक्क नकाशा काढून ठरवलेलं आहे. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये मादलेन द स्क्युदेरी नावाची लेखिका होती. जन्म 1607, मृत्यू 1701, लग्न केलं नाही, दर शनिवारी तिच्या घरी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांची बैठक जमायची. तिच्या ‘क्लेली’ या दहा खंडांच्या कादंबरीचा पहिला भाग 1654 मध्ये आला आणि त्यात हा नकाशा होता, ‘कार्त द तांद्र’. ‘तांद्र’ म्हणजे कोवळं, मऊ, हळवं. मटण नीट शिजलं की तेही तांद्र. तर हा हळवेपणाच्या देशाचा नकाशा.

प्रवास सुरू होतो ‘नवी मैत्री’ या गावातून. मधोमध ‘ओढ’ नावाची नदी. ती सरळ, वेगानं जाते आणि तिच्या काठी एकही थांबा नाही, कारण ओढ असली की थांबायची गरज पडत नाही. पण ती पुढे ‘धोकादायक समुद्रा’त शिरते आणि त्या पलीकडे ‘अज्ञात प्रदेश’. ज्यांना बुडायचं नाही त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंना पायवाटा. एका वाटेवर गोड चिठ्ठी, प्रामाणिकपणा, आदर, चांगुलपणा अशी गावं लागतात. दुसऱ्या वाटेवर ‘प्ती स्वां’ नावाचं गाव आहे, म्हणजे बारीकसारीक काळजी. आणि चुकीच्या वळणाला लागलात, तर दुर्लक्ष, मग लहरीपणा, मग कोमटपणा, मग विसर, आणि शेवटी तुम्ही जाऊन पडता ‘बेफिकिरीच्या तळ्या’त. समुद्रात नाही, तळ्यात! शांत, सपाट, लाटा नसलेलं पाणी. ब्रेकअपचं इतकं अचूक वर्णन मी कुठल्याही रिलेशनशिप कॉलममध्ये वाचलेलं नाही, यात माझेही आले.

मोलिएरनं पाचच वर्षांत, 1659 च्या नाटकात, या नकाशावरून प्रेम करू पाहणाऱ्या नखरेल मुलींची टर उडवली. उडवायलाच हवी होती, जरा अतीच होतं ते. तरी नकाशातलं एक गाव आजच्या फ्रेंचमध्ये जिवंत आहे. कुणी कुणाची फार मायेनं बडदास्त ठेवत असेल, तर म्हणतात, तो तिच्या ‘प्ती स्वां’मध्ये आहे. न विचारता कॉफीत कमी साखर घालणं हे त्याच गावातलं.

पण मायेचा शब्द दगाही देतो. 2007 मध्ये सोफी काल या फ्रेंच कलावतीनं व्हेनिस बिएनालेमध्ये एक प्रदर्शन मांडलं. तिला तिच्या प्रियकरानं ईमेलवरून सोडून दिलं होतं आणि त्या मेलची शेवटची ओळ होती ‘प्रने स्वां द वू’, स्वतःची काळजी घ्या. शब्द तेच, ‘स्वां’, काळजी. वर ‘वू’, तुम्ही. वाक्यात शोधूनही दोष सापडत नाही, आणि म्हणूनच ते असह्य. तिनं काय करावं? तो मेल 107 जणींना दिला आणि प्रत्येकीला आपापल्या व्यवसायानुसार त्याचा अर्थ लावायला सांगितलं. न्यायाधीश, नर्तिका, नेमबाज, अभिनेत्री... त्या 107 मध्ये दोन लाकडी बाहुल्या आणि एक पक्षीही मोजलेला आहे. प्रदर्शनाचं नाव तीच शेवटची ओळ. आपल्याकडे ‘टेक केअर’ हे आता पूर्णविरामासारखं वापरलं जातं, पण ब्रेकअपच्या मेसेजच्या शेवटी ते वाचलेल्या माणसाला विचारा. एका पक्ष्यालाही विचारावंसं वाटेल.

आता माझा सगळ्यात आवडता शब्द राहिला. ‘दू’, स्त्रीलिंगी ‘दूस’. मऊ, सौम्य, गोड, सगळं एकदम. लोकर दूस असते, आवाज दूस असतो. आणि नदीचं पाणीही : समुद्राचं खारं, नदीचं ‘दूस’. आपण काय म्हणतो? गोडं पाणी! गोड्या पाण्यातले मासे फ्रेंचमध्येही गोड्या पाण्यातलेच. त्यावरून क्रियाविशेषण ‘दूसमां’. जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या बाईला, गाडी दामटणाऱ्या मित्राला, रडून रडून हुंदके देणाऱ्या मुलाला, सगळ्यांना ‘दूसमां’. याचा अर्थ सावकाशही होतो आणि अलगदही. इंग्रजीत दोन वेगळे शब्द लागतात. मराठीत एकच पुरतो : हळू. आणि त्या हळूमधूनच आपलं हळूच, हळुवार आणि हळवं निघालं.

मैत्रिणीचं विचाराल, तर अजून कुणीही ‘ज तेम’ म्हटलेलं नाही. तिची ए-टू लेव्हल झाली आहे, तो यूट्यूबवरून मराठी शिकतोय. येत्या डिसेंबरमध्ये तो पुण्याला येणार आहे, मेलची शेवटची ओळ सध्या ‘ज तांब्रास’वर स्थिरावली आहे. घरचं सगळं त्याला समजावून झालंय, चपला बाहेर, गालाला गाल लावायचा नाही, दुसरी पोळी नको असेल तर आधीच सांगायचं. त्याचा एकच प्रश्न उरलाय : आजीला ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’? कारण हिला फोनवर आजीशी ‘तू’नं बोलताना त्यानं ऐकलंय आणि बाबांशी ‘तुम्ही’नं, आणि वयाचं गणित त्याला जुळत नाहीये. तिनं सांगितलं, की तू ‘तुम्ही’नं सुरुवात कर. आजी स्वतःच म्हणेल, ‘अरे, तू म्हण की!’ त्यानं विचारलं, किती दिवसांनी? ती म्हणाली, दुसरी पोळी घेतलीस, तर लगेच.